पार्श्वभूमी: तीन टनांची होडी किती लांब जाईल?

टेबलटॉप रोल-प्लेइंग म्हणजे काय, हे कुडाळ-मालवणकडच्या माणसाला समजवायचं तर दशावतारापासून सुरुवात केलेली बरी. आख्यान ठरलेलं असतं, पण लिहिलेली संहिता नसते. राजा काय बोलणार आणि राक्षस त्यावर काय सुनावणार, हे रंगमंचावर उभं राहिल्यावरच ठरतं. या खेळातही एक जण गेममास्टर, म्हणजे सूत्रधार होतो आणि बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेऊन बोलतात. फरक असा की दशावतारातलं युद्ध कोण जिंकणार ते आख्यान सांगतं, इथे ते फासे सांगतात. फासे आले की नियम आले आणि नियम आले की भांडणं.

सुपरहिरोंच्या खेळातलं भांडण पहिल्यापासून एकच आहे. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, त्यातला तलवारवाला, मांत्रिक आणि पुरोहित हे सगळे पहिल्या पायरीवरून चढायला लागत. सुपरहिरोंच्या संघात एक जण एसटी उचलतो आणि त्याच्या शेजारचा नुसतं धनुष्य घेऊन आलेला असतो. मग रात्रभराच्या डावात धनुष्यवाल्याने करायचं काय? पुढची प्रत्येक नियमपद्धती म्हणजे या प्रश्नाला दिलेलं एकेक उत्तर आहे.

डोनाल्ड सॅक्समन यांच्या ‘सुपरहिरो २०४४’ने (१९७७) तो प्रश्न बाजूलाच ठेवला. त्यात गस्तीचं आठवड्याचं वेळापत्रक होतं, पण शक्तींचे नियम जवळजवळ नव्हतेच. जेफ डी आणि जॅक हर्मन यांच्या ‘व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज’मध्ये (१९७९) खेळाडू स्वतःचंच पात्र करायचा आणि शक्ती फाशांवर मिळायच्या. गंमत भरपूर, पण एकाला उडता येतंय आणि दुसऱ्याच्या वाट्याला फुसकं काहीतरी आलंय, असं सर्रास व्हायचं.

खरं वळण आलं १९८१ मध्ये, जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांच्या ‘चॅम्पियन्स’मुळे. नशीब बाजूला सारून त्यांनी बाजारहाट आणला: सगळ्यांच्या हातात सारखे पॉइंट, हवी ती शक्ती विकत घ्या. १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत १०० पॉइंट आधीच मिळतात आणि उणिवा पत्करल्या तर आणखी १५० पर्यंत. मागावर असलेला शत्रू ही उणीव, देवगडला एकटी राहणारी आजी हीसुद्धा उणीवच. ऊर्जेच्या प्रहाराला एका फाशामागे ५ पॉइंट, म्हणजे १२ फाशांचा प्रहार ६० पॉइंटांना. नेम लागतो का ते तीन फाशांवर बघायचं: ११ अधिक आपलं आक्रमण, वजा समोरच्याचा बचाव, बेरीज तितकी किंवा कमी आली की लागला. बरोबरीच्या दोघांत ही शक्यता ६२.५ टक्के असते, पण तीन अंकांची आघाडी मिळाली की ती ९०.७ वर जाते. म्हणून अनुभवी खेळाडू आधी नेमाला पॉइंट घालतो.

लागलेल्या प्रहाराची मोजणी दुहेरी. फाशांची बेरीज म्हणजे भोवळ. शरीराची इजा वेगळी मोजायची: १ आला तर शून्य, २ ते ५ ला एक, ६ ला दोन. बारा फाशांवर सरासरी ४२ भोवळ आणि १२ इजा. नवख्यांची गाडी इथेच रुतते, कारण प्रत्येक फटक्याला बारा फासे दोनदा मोजावे लागतात. त्यावर वेगाचा तक्ता: एका फेरीचे १२ भाग, वेग ३ असलेला ४, ८ आणि १२ व्या भागात हलतो, वेग ६ असलेला प्रत्येक सम भागात. पॉइंट सारखे असले तरी एकाला दुप्पट पाळ्या मिळतात आणि दुसरा जांभया देतो. वेगात दोनपेक्षा जास्त फरक ठेवायचा नाही, असं पात्रं बनवतानाच सगळ्यांनी ठरवून टाकावं.

टीएसआर या प्रकाशन कंपनीच्या ‘मार्व्हल सुपर हिरोज’ने (१९८४, रचनाकार जेफ ग्रब) ही मोजामोज एका रंगीत तक्त्यावर आणली. सात गुण आणि प्रत्येकाला आकड्याबरोबर एक विशेषण: ‘टिपिकल’ म्हणजे ६, ‘रिमार्केबल’ ३०, ‘अनअर्थली’ १००. शंभरी फासा (१ ते १०० आकडा देणारा) टाकायचा आणि तक्त्यावर पांढरा, हिरवा, पिवळा की लाल ते पाहायचं. या खेळातली सगळ्यात धूर्त गोष्ट ‘कर्म’ ही. कर्माचे गुण खर्च करून फाशाचा आकडा वाढवता येतो आणि पात्राची प्रगतीही त्याच गुणांतून विकत घ्यायची. हिरोने कुणाचा जीव घेतला की साठलेलं सगळं कर्म शून्य. कॉमिक्समधली नीती नियमात इतक्या थोडक्यात आजवर कुणी बसवलेली नाही, असं माझं मत.

पुढच्याच वर्षी मेफेअर या कंपनीचा ‘डीसी हिरोज’ आला. ग्रेग गॉर्डन यांनी आकड्यांची चढणच बदलली: वजन, अंतर, वेळ सगळं एपी या एकाच मापात, आणि प्रत्येक पुढचा एपी आधीच्या दुप्पट. शून्य एपी म्हणजे वजनात ५० पौंड, अंतरात १० फूट, वेळेत ४ सेकंद. मिरकरवाड्याच्या बंदरातली सुमारे २,९०० किलोची होडी घ्या. ५० पौंड सात वेळा दुप्पट केले की ६,४०० होतात, म्हणजे होडी ७ एपीची. शक्ती १० असलेला हिरो ती किती लांब फेकेल? १० वजा ७ बरोबर ३ एपी, म्हणजे ८० फूट, साधारण २४ मीटर. शक्ती १३ असेल तर ६४० फूट, होडी बंदराबाहेर. कॅल्क्युलेटर नाही की गुणाकार नाही, एक वजाबाकी. बस उचलणारा आणि धनुष्यवाला दोघेही त्यामुळे एका पानावर मावतात.

चुका मात्र ठरलेल्या. शक्ती १० चे दोघे मिळून २० होतील असं नवखा धरून चालतो. दुप्पट म्हणजे एकच पायरी, म्हणून हिशोबाने ११. फासे दोन, दहा बाजूंचे. सारखे आले तर पुन्हा टाकून बेरीज वाढवायची, पण दोन्हीवर एक आला की सपशेल फसलं.

नव्वदच्या दशकावर इथे फार थांबायचं कारण नाही. २००० मध्ये वीस बाजूंच्या फाशावर चालणारी डी-२० पद्धत खुल्या परवान्यावर आली आणि तिच्यावर स्टीव्ह केन्सन यांनी ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ (२००२) उभा केला. त्यांचं उत्तर म्हणजे छत. पॉवर लेव्हल (ताकदीची पायरी) १० ला पॉइंट १५०, पण नेम आणि इजा यांची बेरीज २० च्या वर नाही. धनुष्यवाला नेम १३, इजा ७ घेतो. बस उचलणारा नेम ७, इजा १३. हिट पॉइंट, म्हणजे फटक्यागणिक घटणारा जीवाचा आकडा, नाहीतच. तिसऱ्या आवृत्तीत इजा १० चा फटका बसला की वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला चिवटपणा मिळवायचा आणि २५ गाठायचे. चिवटपणा १० असेल तर १५ च्या खालचा प्रत्येक आकडा दुखावतो. १ ते ४ ने हुकलं तर पुढच्या वेळी उणे एक. ५ ते ९ ने हुकलं तर शिवाय क्षणभर गांगरणं. त्याहून जास्त हुकलं की लडखडणं. पूर्ण आडवं व्हायला १५ ने हुकावं लागतं आणि बरोबरीचा ताजा गडी सामान्य फटक्यात फासा १ आला तरी १४ नेच हुकतो.

छताला गळती लागते ती पर्यायी शक्तींतून. एक मोठी शक्ती घेतली की तिचा प्रत्येक पर्याय एकेका पॉइंटला मिळतो. आठ पॉइंटांत आठ कसब घेऊन एकच जण सगळ्यांची कामं करू लागतो, आणि कागदावर सगळं नियमातच असतं.

ब्रेंडन कॉनवे यांच्या ‘मास्क्स’ने (२०१६) ताकद मोजायचंच सोडून दिलं. यातले हिरो किशोरवयीन आहेत आणि मोजायचं ते स्वतःला काय समजतात ते: धोकादायक, विचित्र, तारणहार, वरचढ की साधा. दोन फाशांत तो अंक मिळवायचा. १० किंवा वर आलं की जमलं, ७ ते ९ ला जमलं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आलं की सूत्रधाराचा हात मोकळा. ज्याचा शब्द मनाला लागतो असा काका ‘तू अजून लहान आहेस’ म्हणाला की ‘साधा’ एकाने वर आणि ‘धोकादायक’ एकाने खाली. फटका बसला तरी हिट पॉइंट जात नाहीत, राग, भीती, अपराधीपणा अशा खुणा होतात. बस किती टनांची, हे इथे कुणी विचारत नाही.

२०२३ मध्ये मार्व्हलने स्वतःचा ‘मल्टिव्हर्स’ खेळ काढला, तोही तीन साध्या सहा बाजूंच्या फाशांवर. किनारपट्टीवरच्या माणसाला हे सोयीचं, कारण सहा बाजूंचे फासे बाजारातल्या लुडोच्या डब्यात मिळतात. दहा आणि वीस बाजूंचे बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. ‘चॅम्पियन्स’ला मात्र डझनभर लागतात, म्हणजे वाडीतले सगळे लुडो गोळा करा. गणपतीत चाकरमानी आलेले असतात आणि आरतीनंतरच्या रात्री मोकळ्या असतात, पण पाच दिवसांतली एक रात्र ‘चॅम्पियन्स’ची पात्रं बनवण्यातच जाते; ‘मास्क्स’ला तासभर पुरतो. पात्रांचे कागद जाड कार्डावर काढावेत. भाद्रपदातल्या दमट हवेत साधा कागद मऊ पडतो आणि भोवळीचा आकडा चार वेळा खोडला की तिथे भोक पडतं.