लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीचं पुनरुज्जीवन

वापरून वापरून बॅकअप कमी झालेली लॅपटॉपची बॅटरी परत कामात आणणं, आणि ती लवकर उतरू नये म्हणून काळजी घेणं, असे दोन्ही प्रकार या नोंदीत येतात. बॅटरी परत कामात आणणं म्हणताना तीन वेगळी कामं नेहमी एकात एक मिसळली जातात. पहिलं म्हणजे टक्केवारी दाखवणाऱ्या गेजचा हिशोब दुरुस्त करणं, दुसरं पॅक उघडून आतले सेल बदलणं, आणि तिसरं सेलच्या आतच गेलेली कपॅसिटी परत मिळवणं. पहिलं कुणालाही घरी जमतं, दुसरं जाणकाराला जमतं, तिसरं मात्र अगदी थोड्या प्रमाणात सोडलं तर होत नाही. यशस्वी म्हणून सांगितले जाणारे बहुतेक उपाय पहिल्या प्रकारातले असतात आणि श्रेय तिसऱ्याचं घेतात.

मेमरी इफेक्ट आणि त्याचा वाद. बॅटरी पूर्ण उतरवून मग चार्ज करा हा सल्ला आजही दिला जातो, त्याचं मूळ निकेल-कॅडमियम बॅटरीत आहे. सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये, म्हणजे साधारण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, हाच प्रकार जास्त होता, मग निकेल-मेटल हायड्राइड आला. ही बॅटरी दरवेळी ठराविक पातळीपर्यंतच उतरवली तर तिला ती पातळी 'लक्षात राहते' आणि त्याच्या खाली ती व्होल्टेज धरत नाही, अशी समजूत होती. हे पहिल्यांदा कृत्रिम उपग्रहांवर दिसलं असं सांगितलं जातं. पृथ्वीजवळच्या कक्षेत उपग्रह दर फेरीत सावलीत जातो, तेवढ्यापुरती बॅटरी थोडी उतरते, उन्हात आला की परत भरते, आणि हे अगदी घड्याळाच्या ठोक्याला हजारो वेळा होतं. काही अभ्यासकांच्या मते खरा मेमरी इफेक्ट एवढाच, इतक्या काटेकोर पुनरावृत्तीशिवाय तो होत नाही, आणि घरगुती उपकरणात जे दिसायचं ते व्होल्टेज डिप्रेशन होतं, म्हणजे जास्त वेळ चार्जिंगला राहिल्यामुळे कॅडमियमच्या पाटीवर (इलेक्ट्रोडवर) मोठे स्फटिक तयार होणं. दुसरं एक स्पष्टीकरण असं की निकेल आणि कॅडमियमचा मिश्रधातू पाटीवर बनतो आणि त्याचं डिस्चार्ज कमी व्होल्टेजला होतं, म्हणून मधेच पायरी उतरल्यासारखा व्होल्टेज पडतो. दोन्ही स्पष्टीकरणांना आधार आहे पण रोजच्या वापराचा विचार केला तर व्होल्टेज डिप्रेशनवालं जास्त पटतं, कारण सलग एकदोनदा सेलमागे साधारण १ व्होल्टपर्यंत उतरवलं की बराच फरक पडायचा आणि स्फटिक मोडतात या कल्पनेशी ते जुळतं.

लिथियम-आयनमध्ये असला काही इफेक्ट नाही असंच कित्येक वर्षं मानलं जायचं. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी टोयोटाच्या संशोधकांबरोबर लिथियम आयर्न फॉस्फेट सेलमध्ये छोटासा मेमरी इफेक्ट दाखवला आणि लगेच 'लिथियमलाही मेमरी असते' असं सगळीकडे फिरायला लागलं. पण तिथे दिसलेला फरक व्होल्टेजमधला होता आणि अगदी बारीक होता, त्याचं महत्त्व एवढंच की या प्रकारच्या सेलचा व्होल्टेज जवळपास सपाट असतो त्यामुळे व्होल्टेजवरून चार्ज ओळखताना थोडी चूकही मोठी ठरते. लॅपटॉपमध्ये सहसा कोबाल्टवाले किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले सेल असतात, त्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तेव्हा लॅपटॉपची बॅटरी महिन्याच्या महिन्याला ० पर्यंत उतरवायची काही गरज नाही, उलट खोल डिस्चार्ज तिला त्रासाचाच असतो.

सेलचा इतिहास थोडक्यात. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइड वापरून लिथियमचा रिचार्जेबल सेल केला, १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि कोइची मिझुशिमा वगैरे सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी त्याला कार्बनची ऋण बाजू जोडली आणि १९९१ मध्ये सोनीने ते बाजारात आणलं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना मिळालं. ग्राफाइटमध्ये लिथियम शिरतं आणि परत निघतं हे १९८० च्या सुमारास दाखवणारे रशीद याझामी त्या यादीत नाहीत, यावर बरीच चर्चा झाली. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ऋण बाजू ग्राफाइटचीच असते हे बघता त्यांचं नाव या विषयात घ्यायलाच हवं.

कपॅसिटी जाते कुठे. पहिल्याच चार्जिंगला ग्राफाइटवर एक पातळ थर बसतो. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्राव, तिथे फुटतं आणि त्याच्या अवशेषांत थोडं लिथियम कायमचं अडकतं. इमॅन्युएल पेलेद यांनी १९७९ मध्ये या थराला सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज असं नाव दिलं, ते आता एसईआय म्हणून सर्वत्र चालतं. हा थर हवाच, तो नसता तर इलेक्ट्रोलाइट फुटतच राहिलं असतं. पण तो हळूहळू जाड होत जातो, गरम असेल तर जोरात, सेल पूर्ण भरलेला असेल तर आणखी जोरात, आणि त्यात जे लिथियम गेलं ते चार्ज-डिस्चार्जच्या हिशोबातून गेलंच. शिवाय ग्राफाइट फुगतं-आकसतं त्यामुळे थराला तडे जातात आणि तडा भरायला नवीन लिथियम खर्ची पडतं. थंडीत, विशेषतः ० अंशांखाली, चार्ज केलं तर लिथियम ग्राफाइटच्या आत न जाता वर धातूच्या रूपात साचतं, तेही बरंचसं वाया. म्हणजे बॅटरी नुसती कपाटात ठेवली तरी वय होतं आणि वापरली तरी होतं, आणि दोन्हीची बेरीज होते. जोडीला आतला रेझिस्टन्स वाढतो. म्हणूनच जुना लॅपटॉप ३०% दाखवत असताना जड काम सुरू केलं की धाडकन बंद पडतो, चार्ज आत असतो पण तेवढा करंट ओढला की व्होल्टेज कोसळतो.

गेलेली कपॅसिटी परत येण्याचा एक खरा प्रकार आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. सेलमध्ये ग्राफाइटची पाटी समोरच्या धन पाटीपेक्षा मुद्दाम थोडी मोठी ठेवलेली असते, कडेला धातूचं लिथियम साचू नये म्हणून. सेल बराच काळ भरलेल्या अवस्थेत पडून राहिला तर काही लिथियम त्या कडेच्या भागात सरकतं आणि रोजच्या चार्ज-डिस्चार्जला मिळत नाही, मग तोच सेल बरेच दिवस कमी चार्जवर राहिला तर ते हळूहळू परत येतं. त्यामुळे अर्ध्याहून कमी चार्जवर ठेवलेली बॅटरी काही आठवड्यांनी किंचित सुधारलेली दिसते. हे मोजता येतं, पण ते लहानसं असतं, आणि एसईआयमध्ये अडकलेलं त्यात काहीच परत येत नाही.

गेजचं कॅलिब्रेशन. लॅपटॉपच्या पॅकमध्ये एक छोटं सर्किट असतं, ते आत-बाहेर जाणारा करंट मोजून बेरीज-वजाबाकी ठेवतं. १९९० च्या दशकाच्या मध्यात ड्युरासेल आणि इंटेल यांनी आणलेल्या स्मार्ट बॅटरी मानकापासून डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची), फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची) आणि सायकल काउंट (किती वेळा भरली-उतरली) हे आकडे लॅपटॉपला वाचता येतात. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरीरिपोर्ट कमांड चालवली की हेच आकडे एका रिपोर्टमध्ये मिळतात. समजा डिझाइन कपॅसिटी ४८,००० मिलिवॉट-अवर आहे आणि फुल चार्ज ३१,००० दिसतंय, तर बॅटरी साधारण ६५% उरली असं वाचायचं. पण हा दुसरा आकडा म्हणजे सर्किटचा अंदाज आहे. रोज ६० ते ९० च्या मधेच चार्ज फिरत राहिला तर मोजणीतल्या बारीक चुका साठत जातात आणि अंदाज भरकटतो. अशा वेळी एकदा पूर्ण भरून, तासभर तसंच ठेवून, मग सलग उतरवून, परत न थांबता भरलं की सर्किटला दोन्ही टोकं सापडतात आणि आकडा जागेवर येतो. ३१,००० चे कधी ३५,००० होतात, कधी २८,००० सुद्धा होतात, आणि आकडा असा घटला की बॅटरी खराब झाली असं वाटून लोक घाबरतात, खरं तर ती आधीच तेवढी होती. दोनतीन महिन्यांतून एकदा किंवा टक्केवारी उड्या मारायला लागली की, एवढं पुरे.

सेल बदलणं. जुन्या जाड पॅकमध्ये १८६५० नावाचे दंडगोल सेल असतात, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. सहा सेलचा पॅक उघडला की दोन-दोन सेल समांतर आणि अशा तीन जोड्या एकामागे एक जोडलेल्या दिसतात, नाममात्र व्होल्टेज १०.८ किंवा ११.१. मल्टिमीटर लावला की बऱ्याचदा दोन जोड्या ३.९ च्या आसपास आणि तिसरी २ च्या खाली निघते, म्हणजे पॅक मेलेला नसतो, एक जोडी मेलेली असते आणि सर्किट तिच्यामुळे सगळ्यांना थांबवत असतं. इथे मोह होतो तो त्या जोडीला बाहेरून बळंच चार्ज करायचा. तो टाळावाच. सेल बराच काळ फार खाली राहिला तर ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि परत चार्ज केल्यावर ते तांबं भलत्या ठिकाणी बसून आतल्या आत शॉर्ट करू शकतं, लगेच नाही तर पुढे कधीतरी. सेल बदलायचेच तर सगळे एकदम, एकाच बनावटीचे आणि कपॅसिटीचे, निकेलच्या पट्टीने आणि स्पॉट वेल्डिंगने. सोल्डरिंगची उष्णता सेलला मारते. एवढं करूनही काही पॅक चालू होत नाहीत, कारण सेल काढताना सप्लाय तुटला की काही सर्किटं कायमचा बिघाड अशी खूण मेमरीत लिहून ठेवतात आणि ती पुसायला त्या चिपचा पासवर्ड लागतो. २०११ मध्ये सुरक्षा-संशोधक चार्ली मिलर यांनी अॅपलच्या लॅपटॉप बॅटरीत हे पासवर्ड चिप बनवणाऱ्याने ठेवलेलेच, न बदलता राहिल्याचं दाखवलं होतं. त्यांचा मुद्दा सुरक्षेचा होता, पण दुरुस्ती करणाऱ्यांनाही त्यातून बरंच कळलं.

फ्रीझरचा उपाय. बॅटरी पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची हा सल्ला निकेलच्या काळातला असावा, थंडीत आपोआप होणारं डिस्चार्ज कमी होतं एवढाच त्याला आधार. थंडीने एसईआय पातळ होत नाही आणि अडकलेलं लिथियम सुटत नाही. बाहेर काढल्यावर सर्किटवर दव जमतं तो धोका वेगळाच.

आयुष्य वाढवणं. खरा फायदा इथे आहे, आणि तो नवी बॅटरी असताना सुरू केला तरच पूर्ण मिळतो. दोनच गोष्टी मुख्य आहेत, चार्ज आणि उष्णता. नेहमी दिला जाणारा एक तक्ता असं दाखवतो की ४०% चार्जवर २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवलेला सेल साधारण ९६% कपॅसिटी टिकवतो, पूर्ण भरून ठेवलेला ८०%, आणि ४० अंशांना पूर्ण भरलेला ६५%. सेलच्या प्रकाराप्रमाणे हे आकडे हलतील पण दिशा सगळीकडे तीच आहे. ४.२ व्होल्टऐवजी ४.१ पर्यंतच भरलं तर सायकल जवळपास दुप्पट मिळतात असा ढोबळ नियम आहे, बॅकअप थोडा कमी होतो ही त्याची किंमत. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल तर चार्जिंग लिमिट ८०% ला लावून ठेवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मोठा उपाय. बऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये ती सोय असते, लिनक्समध्ये कर्नलमार्फत लावता येते, मॅकमध्ये २०२० पासून बॅटरीच्या वयाप्रमाणे चार्ज कमी ठेवण्याची सोय आली. चार्जर काढून-लावून खेळत बसण्यापेक्षा हे कधीही चांगलं. उष्णतेचं म्हणाल तर गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून हवेची वाट बुजवणं आणि पंख्यात साचलेली धूळ या दोन गोष्टी बॅटरीचं बरंच आयुष्य खातात, आणि पंखा साफ केला तर बॅटरीचाही फायदा होतो हे सहसा कुणी सांगत नाही. लॅपटॉप काही महिने बंद ठेवायचा तर ४० ते ५०% वर ठेवावा आणि अधूनमधून बघावं, सर्किट स्वतःही थोडं थोडं खातं.

फुगलेली बॅटरी. टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, खालचा पत्रा डुगडुगतोय, ही लक्षणं. आत इलेक्ट्रोलाइट फुटून गॅस झालेला असतो. इथे पुनरुज्जीवनाचा विषय संपला, टोचून गॅस काढायचा तर विचारसुद्धा करू नये, चार्जिंग बंद करून ती काढायची आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची. २००६ मध्ये सोनीच्या सेलमध्ये धातूचे कण राहिल्यामुळे डेलने सुमारे ४१ लाख आणि अॅपलने सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, म्हणजे आतला शॉर्ट चांगल्या नव्या सेलमध्येही होऊ शकतो, जुन्या आणि फुगलेल्याची तर गोष्टच नको.

पातळ लॅपटॉप आल्यापासून दंडगोल सेल जाऊन चपटे पाऊच सेल आले, काही पॅक तर डिंकाने चिकटवलेले असतात, त्यामुळे सुटे सेल बदलण्याचं काम मागे पडलं आणि अख्खा पॅक बदलणं हीच दुरुस्ती झाली. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी काही अपवाद वगळता वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे.