पार्श्वभूमी : ग्रामीण कॅलिफोर्नियात वैद्यकीय गांजाच्या दुकानांवर बंदी कशी आली

नोव्हेंबर १९९६च्या सार्वमतात कॅलिफोर्नियातल्या ५५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी वैद्यकीय गांजाला कौल दिला. त्यामागचा रेटा शहरी होता. एड्सच्या साथीने पोळलेल्या सॅन फ्रान्सिस्कोतून तो आला. डॉक्टरच्या शिफारशीवर गांजा बाळगण्याची आणि लावण्याची मुभा रुग्णाला मिळाली. ज्याला लावता येत नाही त्याने तो आणायचा कुठून, याचा बंदोबस्त कायद्यात नव्हता. २००३च्या पुरवणी कायद्याने रुग्णांच्या सामूहिक लागवडीला फौजदारी कारवाईतून सूट दिली आणि त्याच आडोशाने डिस्पेन्सऱ्या, म्हणजे वैद्यकीय गांजाची दुकाने, उभी राहिली.

केंद्रीय कायद्यात गांजा गुन्हाच होता. तरी राज्य कायद्याप्रमाणे वागणाऱ्या रुग्णांमागे लागू नका, अशी सूचना ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या सरकारी वकिलांना दिली. त्यानंतर शहरांत जागा मिळेना तशी दुकाने महामार्गालगतच्या छोट्या गावांकडे सरकली. ग्रामीण काउंट्यांनी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) हाताशी होते ते हत्यार उचलले : जमीनवापराची तातडीची स्थगिती. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या पाचपैकी चार मतांनी ती ४५ दिवसांसाठी लागू करता येते आणि वाढवत वाढवत दोन वर्षांपर्यंत नेता येते. बऱ्याच ठिकाणी मुदत संपताना स्थगितीची बंदी झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राच्याच वकिलांनी दुकानांच्या जागामालकांना जप्तीच्या नोटिसा धाडायला सुरुवात केली, तेव्हा काउंट्यांना आयते निमित्त मिळाले.

खरा निकाल लागला ६ मे २०१३ रोजी, आणि तोही अशा दुकानांवर बंदी घालणाऱ्या रिव्हरसाइड या मोठ्या शहराच्या खटल्यात. दुकानदारांचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. ज्या कलमाखाली अमली पदार्थांचा अड्डा ‘उपद्रव’ ठरवून बंद करता येतो, त्याच कलमातून सामूहिक लागवडीला राज्याने सूट दिलेली होती. मग राज्य ज्याला उपद्रव म्हणत नाही, त्याला शहर कसे म्हणणार? शिवाय शाळेपासून ६०० फुटांच्या आत दुकान नको, असा नियम विधिमंडळाने २०१०लाच केला होता. दुकानेच नकोत असे असते, तर अंतर कशाला मोजले असते?

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे अमान्य केले. राज्याने ठरावीक शिक्षा काढून घेतल्या आहेत, दुकान चालवण्याचा हक्क दिलेला नाही. जमिनीचा वापर ठरवणे हा घटनेने स्थानिक संस्थांना दिलेला अधिकार आहे, आणि त्यात पूर्ण बंदीही बसते. तर्क चोख होता, पण रुग्ण चर्चेतून बाहेर फेकला गेला. यापुढे प्रत्येक सुनावणीत बोलले गेले ते रहदारी, वास आणि पार्किंगवर. रिव्हरसाइडच्या रुग्णाला शेजारचे शहर तरी होते. डोंगराळ काउंटीत केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला त्याच निकालाने तासन्‌तास गाडी चालवायला लावली.

मग एक गफलत झाली. २०१५च्या परवाना कायद्यात एक वाक्य राहून गेले : १ मार्च २०१६पर्यंत लागवडीचे स्थानिक नियम नसतील, तर परवाने फक्त राज्य देईल. ते चुकून राहिले, असे कायदा करणाऱ्यांनीच सांगितले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुरुस्तीही झाली. तोवर हातचा अधिकार जाईल या धास्तीने अनेक शहरांनी आणि काउंट्यांनी घाईघाईत बंदीचे ठराव करून टाकले होते. त्यांतले कितीतरी लागवडीपुरते नव्हतेच. दुकाने आणि घरपोच सेवाही त्यांत ओढल्या गेल्या.

नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रौढांसाठी गांजा सर्रास खुला झाला, तरी दुकाने नाकारण्याचा स्थानिक अधिकार त्या कायद्याने जपला. मतदारांना तो मान्य होण्यामागे ही तडजोडही होती. २०१९च्या नियमाने परवानाधारकांना राज्यात कुठेही माल पोहोचवता येऊ लागला, तेव्हा एक काउंटी आणि दोन डझन शहरे न्यायालयात गेली. तो दावा २०२० मध्ये निकाली निघाला, पण त्यांचे स्थानिक ठराव कायम राहिले.

१ जानेवारी २०२४पासून मात्र वैद्यकीय गांजाच्या घरपोच पुरवठ्यावर स्थानिक बंदी घालता येत नाही. दुकान नाकारण्याची मुभा काउंटीकडे अजून आहे. पण घरपोच औषध अडवले, तर रुग्ण स्वतः तिला न्यायालयात खेचू शकतो, अशी तरतूद या कायद्यात स्पष्ट आहे.