पांदेबोनो मागता आणि आल्मोहाबाना खाता

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये ७४ व्या स्ट्रीटवर किराणा भरायला जाणारे बरेच मराठी लोक जवळच्या रूझवेल्ट अव्हेन्यूवर कोलंबियन बेकरीतही डोकावतात. चांगलंच आहे. पण तिथे काचेकडे बोट करून ‘चीज ब्रेड’ मागायचा आणि जे हातात पडेल त्याला पांदेबोनो म्हणायचं, हे आता पुरे. एक जण सांगतो पांदेबोनो भुसभुशीत असतो, दुसरा म्हणतो चिवट. भुसभुशीत होता तो आल्मोहाबाना, म्हणजे दुसराच कोलंबियन चीज ब्रेड.

पांदेबोनो बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. कोलंबियातल्या काली शहराच्या मुलखातला, व्हाये देल काउका प्रांतातला पदार्थ. चीज, अंडं, थोडं मक्याचं पीठ आणि कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, स्टार्च. ना मैदा, ना यीस्ट. आल्मोहाबानातही चीज आणि मका असतोच, रंगही तसाच पिवळसर. त्यामुळे नुसतं बघून ओळखायच्या भानगडीत पडू नका. (पान दे युका हा तिसरा चीज ब्रेड. त्यात मका नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.)

खरी गोम स्टार्चमध्ये आहे. पांदेबोनोला लागतं ते आंबवलेलं स्टार्च, आल्मिदोन आग्रियो. काउका प्रांताच्या उत्तर भागात, सांतांदेर दे किलिचाओच्या आसपास, छोट्या कारखान्यांत कसावा किसून धुतात, स्टार्च तळाशी बसू देतात, टाक्यांत पाण्याखाली तीन-चार आठवडे आंबवतात आणि मग उन्हात पसरतात. हे ऊन केवळ वाळवणासाठी नसतं. आंबताना तयार झालेलं लॅक्टिक आम्ल आणि उन्हातले अतिनील किरण मिळून स्टार्चचा गुणधर्मच बदलतात. तेच आंबलेलं स्टार्च भट्टीत वाळवलं तर भाजताना तसं फुलत नाही. उन्हात वाळलेल्या स्टार्चचा गोळा ओव्हनमध्ये गेला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि स्टार्च न फाटता ताणत जातं. म्हणून गरम पांदेबोनो तोडला की आत पोकळी दिसते आणि तिच्याभोवती ओलसर, लवचिक पापुद्रे.

साबुदाण्याच्या पिठाचा ‘अस्सल पांदेबोनो’ शिकवणाऱ्या पाककृती पाहिल्या की माझं डोकं फिरतं ते यामुळेच. कंद तोच, मान्य. पण ते स्टार्च असं आठवडेच्या आठवडे आंबवून उन्हात टाकलेलं नसतं, मग फुलणार कुठून? त्यापेक्षा ब्राझिलियन दुकानात जा आणि पोल्विल्यो आझेदो आणा, तेही आंबवलेलंच असतं.

आल्मोहाबानाचा सगळा जीव क्वाहादात, म्हणजे ताज्या, मऊ, जेमतेम मिठाच्या चीजमध्ये, आणि मक्याच्या पिठात. काही बेकऱ्या थोडं स्टार्च किंवा बेकिंग पावडर घालतात, पण ती मदतीपुरती. तोडला की ताण अजिबात नाही, रव्याच्या केकसारखा तुटतो आणि दुधाची हलकी आंबूस चव येते. बोगोताजवळचं सोआचा, बोयाका प्रांतातलं आर्काबुको आणि सेसार प्रांतातलं ला पास ही गावं आल्मोहाबानासाठी नावाजलेली आहेत.

आता हे खायचं कसं, तेही या स्टार्चवरच ठरतं. गार झाला की स्टार्च आवळतं आणि पांदेबोनो रबरासारखा होतो. मायक्रोवेव्हमध्ये दोन घटका मऊ वाटतो, मग आणखी चिवट. ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये काही मिनिटं, दुसरा इलाज नाही. माझं ठाम मत असं की पांदेबोनो घरी बांधून न्यायचाच नाही. आत्ता कुठला ट्रे बाहेर आला ते काउंटरवर विचारा. पांदेबोनोचा असेल तर तिथेच, बोटं पोळत असताना खा, सोबत गार आवेना, म्हणजे ओट्सचं दाटसर पेय, घ्या. तो ट्रे तासाभरापूर्वीचा असेल तर सरळ आल्मोहाबाना बांधून घ्या. तो संध्याकाळपर्यंत मऊ राहतो आणि गरम चॉकलेटमध्ये बुडवला की ते छान शोषून घेतो.