ओपन गटाचा काटा: मातीवरच्या कार्टिंगमध्ये सीसी आणि किलो

कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या चारचाकी कार्टच्या शर्यतींत, इंजिनात हवे ते बदल चालणाऱ्या ओपन गटाच्या नियमपत्रिकेत दोनच आकडे खरे महत्त्वाचे असतात: इंजिन जास्तीत जास्त किती सीसीचं आणि शर्यत संपल्यावर काट्यावर कमीत कमी किती किलो भरायला हवेत. कार्ब्युरेटर, कॅम, सायलेन्सर, स्प्रॉकेट ज्याला जे परवडेल ते. त्यामुळे सगळा न्याय या दोन आकड्यांवर उभा राहतो आणि ते चुकले की ज्याच्या खिशात जास्त पैसे त्याचीच शर्यत होते.

आधी सीसी. पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो तेवढे घन सेंटिमीटर. बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा) वर्ग गुणिले 0.7854 गुणिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), मापं सेंटिमीटरमध्ये, एवढंच सूत्र. होंडाच्या जीएक्स 200 या चारस्ट्रोक इंजिनाचा बोअर 68 मिमी आणि स्ट्रोक 54 मिमी, म्हणजे 196 सीसी. कार्टिंगमध्ये जगभर चालणारी साध्या बनावटीची बरीच इंजिनं याच मापाची आहेत. ब्रिग्ज कंपनीचं 206 नावाचं इंजिन थोडं मोठं, 204 सीसी. यामाहाचं टूस्ट्रोक केटी 100 मात्र 52 बाय 46 मिमीचं, जेमतेम 98 सीसी.

पण सीसी सारखे म्हणजे ताकद सारखी, असं होत नाही. आपल्या रस्त्यांवरचीच दोन इंजिनं घ्या. आरएक्स 100 चे 98 सीसी आणि जुन्या स्प्लेंडरचे 97.2 सीसी, तरी आरएक्स 11 अश्वशक्ती द्यायची आणि स्प्लेंडर साधारण साडेसात. टूस्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, चारस्ट्रोकमध्ये एकाआड एक. 2002 मध्ये मोटो जीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेने 500 सीसीच्या टूस्ट्रोकसमोर 990 सीसीपर्यंतची चारस्ट्रोक इंजिनं उतरू दिली ती याच हिशेबाने. ओपन गटात दोन्ही जातींची इंजिनं घ्यायची असतील तर टूस्ट्रोकची मर्यादा चारस्ट्रोकच्या साधारण निम्मी ठेवावी. दोघांना एकच आकडा लावला, तर दुसऱ्या शर्यतीपासून रांगेत फक्त टूस्ट्रोक दिसतील.

मर्यादेचा आकडा गोल ठेवण्याचा मोह होतो आणि तिथेच घोळ होतो. समजा '200 सीसीपर्यंत' असं लिहिलं. 68 मिमीचं सिलिंडर झिजलं की लेथवाला ते बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतो. ही पिस्टनं सहसा पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने मिळतात. 0.50 ओव्हरसाइजला इंजिन 199 सीसीचं होतं, 0.75 ला 200.5 सीसीचं. म्हणजे ताकदीसाठी काहीही न केलेला, फक्त झीज भरून काढलेला माणूस बाद. मर्यादा 205 ठेवली की एक मिलिमीटरपर्यंतची दुरुस्तीही बसते (69 मिमीला 202 सीसी) आणि 204 सीसीचं ब्रिग्जही.

तपासणी करताना इंजिन थंड असावं. हेड उतरवून काजळी पुसायची. बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात दोनदा मोजायचं. सहा मापांची सरासरी घ्यायची. डोळ्यांवर भरवसा ठेवून व्हर्नियर कॅलिपरने फक्त वरच्या काठावर मोजलं तर हमखास चुकतं, कारण पिस्टन रिंग जिथपर्यंत पोचत नाही तो काठ झिजलेलाच नसतो. स्ट्रोकसाठी डेप्थ गेज पिस्टनच्या मधोमध, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर टेकवायचा. कडेला टेकवला तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. बोअरचा वर्ग होत असल्याने तिथली चूक जास्त महागात पडते: 68 मिमीत 0.05 मिमीची चूक म्हणजे 0.29 सीसी, तेवढीच चूक स्ट्रोकमध्ये झाली तर 0.18 सीसी. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तपासून घेतलेली बोअर गेजं आणि ती नीट धरणारे हात दोन्ही आहेत. इथे शर्यत भरवणाऱ्याने ही अडचण पुढे करू नये.

आता किलो. कार्टच्या किमान वजनात ड्रायव्हर, हेल्मेट, सूट, बूट, उरलेलं पेट्रोल सगळं धरतात. मातीवरचं 200 सीसीचं कार्ट साधारण 75 ते 80 किलोचं. त्यात 55 किलोचा मुलगा बसला आणि शेजारी 85 किलोचा, तर एकूण वजनात 30 किलोंचा फरक पडला. वेग वाढण्याचा दर ताकद भागिले वजन यावर ठरतो, म्हणून हलक्याला शिसं बांधायला लावून दोघांना एका पातळीवर आणतात. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर 350 पौंड (159 किलो), 375 पौंड (170 किलो) असे गट सर्रास दिसतात. आकडा ठरवताना स्थानिक ड्रायव्हरांमधला भारी माणूस विनाशिसं बसेल एवढा ठेवावा, पण 55 किलोच्या मुलाला 30 किलो शिसं वाहावं लागत असेल तर गट दोन करावेत. एवढं शिसं सीट आणि चेसिसच्या पाइपवर ताण आणतं आणि कार्ट वागायलाही जड होतं.

मोठ्या इंजिनाला जादा वजन लावायचं तर किती? समजा 200 सीसीला किमान वजन 165 किलो ठेवलं. सरळ प्रमाण लावलं तर 10 सीसी वाढल्यावर 8 किलोंहून जास्त. मातीवर हे प्रमाण अन्यायाचं ठरतं. अंदाजी हिशेब करून बघा. 165 किलोंपैकी 92 किलो मागच्या चाकांवर आणि मातीची पकड 0.6 धरली, तर टायर जास्तीत जास्त 540 न्यूटन जोर जमिनीला देऊ शकतात. चाकांपर्यंत 6.5 किलोवॅट पोचवणारं इंजिन ताशी 43 किलोमीटरपर्यंत एवढा जोर पुरवतं. त्याखाली चाकं फिरवण्याइतकी ताकद त्याच्याकडे आधीच आहे. दुप्पट ताकदीच्या इंजिनासाठी ही सीमा ताशी 87 किलोमीटरवर जाते. छोट्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना वेग 40-50 च्या आसपास असतो, तेव्हा जादा ताकदीचा बराच हिस्सा माती उडवण्यात जातो. म्हणून 10 सीसीमागे 2 किलोंपासून सुरुवात करावी आणि 225 सीसीच्या पुढे वेगळा गटच करावा. सरळ पट्टा लांब असेल, तर किलो वाढवायचे.

नाशिकची काळी माती इथे स्वतःची भर घालते. ही बेसॉल्ट झिजून झालेली चिकणमाती. पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. नीट ओल धरून रोलर फिरवला की पकड उत्तम मिळते. पाणी जास्त झालं की तीच माती चेसिसखाली, फ्लोअर पॅनवर आणि टायरला लिंपून बसते आणि काट्यावर दोन-तीन किलो फुकटचे दिसतात. सुकलेल्या ट्रॅकवर हा फायदा कुणालाच नसतो. ओल्या दिवशी शर्यतीआधी स्वच्छ कार्टचंही वजन घ्यावं आणि शंका आली तर चिखल खरवडून पुन्हा चढवावं. हे आधीच लिहून ठेवलेलं असावं, वाद सुरू झाल्यावर ठरवू नये.

उलट्या बाजूने वजन घटतंही. 7 किलोवॅटवर पळणारं इंजिन 10 मिनिटांत साधारण अर्धा किलो पेट्रोल जाळतं. एप्रिल-मेच्या उन्हात ड्रायव्हरचा घाम आणखी दोन-तीनशे ग्रॅम नेतो. सुरुवातीलाच दोन किलो वर ठेवलेत तर शेवटी बाद होण्याची भीती नाही.

काटा कोणता, हे सगळ्यात कमी विचारलं जातं. ट्रक मोजणारा भुईकाटा 5 किंवा 10 किलोंच्या टप्प्याने मोजतो; 165 किलोंच्या कार्टला त्याचा उपयोग नाही. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आणि कांद्याच्या खळ्यावर वापरतात तसा 300 किलोंचा, 50 किंवा 100 ग्रॅमने मोजणारा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा घ्यावा. वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहावं. काँक्रीटवर किंवा जाड पत्र्यावर पाणसळीने सपाट ठेवावा, वाऱ्यापासून आडोसा करावा. शिक्क्याची 20 किलोंची वजनं चारही कोपऱ्यांवर एकेक ठेवून आकडा सारखा येतो का ते सकाळीच बघावं आणि ड्रायव्हरांना तो काटा सरावाच्या वेळी मोकळा द्यावा.

शिसं घन सेंटिमीटरला 11.3 ग्रॅम, लोखंड 7.85. 15 बाय 10 बाय 3 सेंटिमीटरचा शिशाचा ठोकळा 5 किलोंचा होतो. तो सीटला किमान दोन 8 मिमीच्या बोल्टांनी, दोन्हीकडे रुंद वॉशर आणि नायलॉक नट लावून बसवावा आणि त्यावर कार्टचा क्रमांक रंगवावा. केबल टाय, तार, वेल्डिंग नको. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप त्या जागी कमजोर होतो आणि चेसिसची लवचीकता बिघडते. ताशी 60 किलोमीटरने सुटलेल्या 10 किलो शिशात सुमारे 1400 जूल ऊर्जा असते, चार मजल्यांवरून पडल्याइतकी, आणि मागच्या ड्रायव्हरच्या छातीसमोर कार्टमध्ये काहीच नसतं. शिसं सुटलं तर तो ड्रायव्हर त्या दिवसापुरता बाहेर, अपवाद नाही, असं आमचं ठाम मत आहे.

ठोकळा जितका खाली तितका बरा. 165 किलोंचं कार्ट, चाकांमधलं अंतर 1.1 मीटर आणि गुरुत्वाइतकी आडवी ओढ धरली, तर गुरुत्वमध्य 2 सेंटिमीटर वर गेल्याने बाहेरच्या चाकांवर आणखी 3 किलो सरकतात. फक्त डावीकडे वळणाऱ्या ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर शिसं डावीकडे ठेवतात. चारही चाकांखाली काटे ठेवून मोजलेल्या 170 किलोंच्या कार्टचं एक उदाहरण: पुढचं डावं 36, पुढचं उजवं 39, मागचं डावं 59, मागचं उजवं 36. डावी बाजू 56 टक्के, पुढची 44 टक्के, आणि पुढचं उजवं अधिक मागचं डावं मिळून 58 टक्के. शेवटचा आकडा वाढवला की कार्टचं नाक वळणात बाहेर पळू लागतं, कमी केला की शेपूट सुटते. नाशिकमध्ये दोन्हीकडे वळणारा ट्रॅक आखला, तर मात्र डावं-उजवं 50-50 च बरं.

बाहेरच्या नियमपत्रिका उचलताना हवेचाही विचार करावा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे. इथली हवा सुमारे साडेपाच टक्के विरळ आणि 40 अंशांच्या दुपारी आणखी आठ टक्के. स्पर्धकांत तुलना बदलत नाही, सगळ्यांचंच इंजिन सारखं मंदावतं, म्हणून किलो-सीसीला हात लावायचं कारण नाही. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) मात्र बदलावा लागतो: मुंबईच्या हवेत बसवलेला जेट इथे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतो, प्लग काळा पडतो आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरतं. मेन जेट एका पायरीने लहान करून, दोन-तीन फेऱ्या पूर्ण थ्रॉटलवर मारून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढून बघायचा. प्लग तपकिरी दिसायला हवा, पांढरा दिसला तर पुन्हा मोठा जेट.