मेन फ्यूज गेला की डायोड? उलटी बॅटरी लागल्यानंतर बंद पडलेले चार्जिंग

बॅटरी बदलताना घाईत लाल तार ऋण टोकावर आणि काळी तार धन टोकावर बसते, मोठी ठिणगी उडते, चूक लक्षात येताच तारा काढून नीट लावल्या जातात आणि गाडी सुरूही होते. पण त्या दिवसापासून बॅटरी चार्ज होत नाही. अशी गाडी पुण्यातल्या एखाद्या गॅरेजात नेली की 'अल्टरनेटर गेला' (अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) हा निर्णय बहुतेक वेळा मीटर हातात घेण्याआधीच होतो. तो बरोबरही ठरू शकतो. मात्र याच लक्षणामागे दोन वेगळे बिघाड असू शकतात: एक म्हणजे अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्या मधला जाड फ्यूज वितळणे, आणि दुसरा म्हणजे अल्टरनेटरच्या आतले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जळणे. चालकाच्या सीटवरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, खर्चात मात्र एका फ्यूजचे आणि अख्ख्या अल्टरनेटरचे अंतर असते.

दोन्ही बिघाडांचे मूळ एकच आहे. अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि डायोड प्लेटवरचे निदान सहा डायोड तिचे डीसीत रूपांतर करतात. त्यांतले तीन बी प्लस या जाड टर्मिनलच्या बाजूला असतात आणि तीन बॉडीच्या, म्हणजे अर्थच्या बाजूला. बॅटरी सरळ असते तेव्हा तिच्या दृष्टीने हे सगळे डायोड बंद दारासारखे असतात, म्हणूनच इंजिन बंद असताना बी प्लसवर चोवीस तास व्होल्टेज असूनही प्रवाह वाहत नाही. बॅटरी उलटी लागली की हीच दारे सताड उघडतात. बॉडीकडून येणारा प्रवाह ओळीने दोन डायोडांतून बी प्लसवर जातो, अशा तीन वाटा समांतर असतात, आणि त्यांना अडवायला तारेचा किरकोळ रोध सोडला तर काहीच नसते. शेकडो अँपिअरचा हा प्रवाह आधी फ्यूज तोडतो की आधी डायोडमधले सिलिकॉन वितळवतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. लहान मोटारींत हा फ्यूज साधारणतः 80 ते 120 अँपिअरचा असतो. तो वेळेत तुटला तर डायोड वाचतात. तुटायला उशीर झाला तर दोन्ही जातात.

निदानाची सुरुवात इंजिन बंद ठेवूनच करावी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून आधी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये मोजावे. पूर्ण चार्ज झालेली, विश्रांतीतली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. (येथे उणे चिन्ह आले तर प्रोब, म्हणजे मीटरच्या टोकदार तारा, तपासावेत आणि तेही बरोबर असतील तर बॅटरीवर संशय घ्यावा. पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरला उलटी जोडली गेली असेल, तर तिची ध्रुवताच उलटलेली असू शकते. हे क्वचित घडते, पण तारा 'बरोबर' लावूनही गाडी उलटी जोडली जाण्याचा तो एक मार्ग आहे.) त्यानंतर काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावरच ठेवून लाल प्रोब अल्टरनेटरच्या बी प्लसवर टेकवावा. आकडा बॅटरीइतकाच आला तर फ्यूज आणि तार शाबूत आहेत. शून्य किंवा शून्याच्या जवळपास आला तर मधली वाट तुटलेली आहे. माझ्या मते अख्ख्या तपासणीतले सर्वांत मोलाचे मोजमाप हेच आहे, आणि नेमके तेच सर्वाधिक वेळा राहून जाते.

फ्यूज केवळ डोळ्यांनी पाहून त्याविषयी निर्णय देऊ नये. काही गाड्यांत तो बॅटरीच्या क्लँपवर किंवा बॉनेटखालच्या पेटीत बोल्टने कसलेला असतो, तर काही जुन्या गाड्यांत फ्यूजऐवजी फ्युजिबल लिंक, म्हणजे ठरावीक प्रवाहाला वितळणारा तारेचा छोटा तुकडा असतो. त्याचे वरचे आवरण शाबूत दिसते आणि आतले तांबे मात्र वितळलेले असते. हलके ओढल्यावर तो रबरासारखा ताणला गेला तर आत काही उरलेले नाही असे समजावे. ज्या गाड्यांत हाच फ्यूज संपूर्ण गाडीला वीज देतो, तेथे चावी फिरवल्यावर डॅशबोर्डही उजळत नाही आणि प्रश्न तिथेच सुटतो. गोंधळ होतो तो अल्टरनेटरचा फ्यूज स्वतंत्र असलेल्या गाड्यांत, कारण त्यांत बॅटरी उतरेपर्यंत सगळे व्यवस्थित चालते.

डायोडची परीक्षा यापेक्षा थोडी नाजूक आहे. बॅटरीची ऋण तार आधी काढावी, मगच बी प्लसवरची तार सोडवावी, आणि मीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. लाल प्रोब अल्टरनेटरच्या कवचावर आणि काळा बी प्लसवर ठेवल्यास दोन डायोडांचा एकत्रित आकडा, साधारण 0.8 ते 1 व्होल्ट, दिसायला हवा. प्रोब अदलाबदल केल्यावर मीटरने काहीच दाखवू नये. दोन्ही दिशांना शून्याजवळचा आकडा आला तर डायोड शॉर्ट झाले आहेत. दोन्ही दिशांना काहीच न आल्यास ते जळून तुटले आहेत. येथे एक फसवी स्थिती असते: जोडीतला एकच डायोड शॉर्ट असेल तर उलट दिशेचे उत्तर योग्यच येते आणि सरळ दिशेचा आकडा मात्र निम्म्यावर, 0.5 व्होल्टच्या आसपास, येतो. 'मीटर एकीकडे दाखवतो, दुसरीकडे दाखवत नाही, म्हणजे ठीक' असे म्हणणारा तंत्रज्ञ हा बिघाड हमखास सोडून देतो.

डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये फ्यूज तुटला तरी अल्टरनेटर आतल्या आत वीज तयार करत राहतो आणि दिवा विझतो, त्यामुळे चार्जिंग होत आहे असा समज होतो. उलट मंद, अर्धवट पेटणारा दिवा, हेडलाइटची थरथर, बराच वेळ उभ्या असलेल्या गाडीचा कोमट अल्टरनेटर आणि सकाळी उतरलेली बॅटरी ही लक्षणे डायोडकडे बोट दाखवतात.

आता यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फ्यूज तुटलेला सापडला म्हणून डायोड निर्दोष ठरत नाहीत. शॉर्ट झालेल्या डायोडवर नवा फ्यूज बसवला तर तो क्षणात जातो, आणि चिडून त्याजागी तार गुंडाळली तर गाडी पेटण्याचीच भीती असते. म्हणून नवा फ्यूज कसण्यापूर्वी, गाडी बंद ठेवून, केवळ अल्टरनेटरच्या तारेत इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब फ्यूजच्या जागी सिरीजमध्ये जोडून पाहावा. तो भगभगीत पेटला तर डायोड शॉर्ट आहेत. तो पेटला नाही तर थेट शॉर्ट नाही इतकेच कळते. तुटलेला डायोड आणि एकटा शॉर्ट डायोड यांसाठी मीटरला पर्याय नाही.

इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची सवय आपल्याकडे अजून टिकून आहे, ती या प्रसंगी विशेष घातक ठरते. त्यातून निर्माण होणारा व्होल्टेजचा झटका वाचलेले डायोड आणि ईसीयू (इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक) या दोघांनाही मारू शकतो.

डायोड गेल्याचे सिद्ध झाले तरी अनेक अल्टरनेटरांची डायोड प्लेट आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर सुटे मिळतात. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जाताना अल्टरनेटरवरचा क्रमांक टिपून न्यावा, केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. दुरुस्तीनंतर हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळतात का ते पाहावे. नव्या गाड्यांत ईसीयू भार नसताना व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, म्हणून हा भार आवश्यक आहे. मग मीटर एसी व्होल्टवर न्यावा. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल तर एखादा डायोड अजून खराब आहे. मात्र काही स्वस्त मीटर एसीवर डीसीच दुप्पट करून दाखवतात, तेव्हा 25 व्होल्टच्या पुढचा आकडा पाहून अल्टरनेटर पुन्हा उतरवू नये, आधी मीटर बदलावा.