लुइस, ग्रेसॅना
(३ ऑगस्ट १८२१ – २५ फेब्रुवारी १९१२). अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ, निसर्गचित्रकार व गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्या. जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील चेस्टर परगण्यात, क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथ) शेतकरी कुटुंबात. वडील लवकर वारले. आई एस्थर फसेल लुइस यांनी मुलींना वाढवले आणि शिकवलेही. किंबर्टन येथील शाळेत शिक्षण झाल्यावर ग्रेसॅना स्वतः वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र शिकवू लागल्या.

चेस्टर परगण्याच्या दक्षिणेला मेरिलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी चालू असलेली राज्ये होती. तिथून निसटून कॅनडाकडे निघालेल्या माणसांना लुइस भगिनींचे ‘सनीसाइड’ हे शेतघर आसरा देई. मळ्यावरचे जाडेभरडे कपडे पाहून माणूस लगेच ओळखू येई, म्हणून घरात नवे कपडे शिवले जात आणि ते घालूनच पाहुण्यांना पुढच्या मुक्कामी धाडले जाई. पळालेल्या गुलामांविषयीच्या १८५० च्या कायद्यानंतर अशा मदतीसाठी १,००० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे. सगळेच क्वेकर या कामात नव्हते. तत्त्वे पटूनही चळवळीपासून लांब राहणाऱ्या आपल्याच धर्मबांधवांना ग्रेसॅना यांनी एका पत्रकातून जाहीर आवाहन केले. परक्यांशी लढण्यापेक्षा हे धाडस मोठे मानावे लागेल.

विज्ञानाला पूर्ण वेळ देता आला तो चाळिशीनंतर. फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसमध्ये पक्षिशास्त्रज्ञ जॉन कॅसिन यांच्या हाताखाली त्यांनी पक्ष्यांचे नमुने व ग्रंथसंग्रह अभ्यासला. कॅसिन यांनी १८६७ मध्ये पक्ष्याच्या एका नव्या जातीला ‘इक्टेरस ग्रेसॅनी’ असे ग्रेसॅना यांचे नाव दिले. इक्वेडोर व वायव्य पेरूतला हा पक्षी नारिंगी-पिवळा असून त्याचा गळा व पाठ काळी, तर काळ्या पंखांवर पांढरा पट्टा असतो. दिसायला तो आपल्या हळद्याच्या जवळचा, पण कुळ निराळे.

१८६८ मध्ये ग्रेसॅना यांच्या ‘नॅचरल हिस्टरी ऑफ बर्ड्‌स’चा पहिला भाग निघाला. आणखी भागांची योजना होती, ती पुरी झाली नाही. कॅसिन १८६९ मध्ये वारले आणि मोठा आधार तुटला. १८७० मध्ये अकॅडमीने त्यांना सदस्य करून घेतले; स्त्रियांना हा मान तेव्हा क्वचितच मिळे. व्हॅसर कॉलेजातील प्राध्यापकपदासाठी खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल यांनी शिफारस केली, तरीही नेमणूक पुरुषाचीच झाली. पात्रतेत त्या उण्या नव्हत्या. हा उघड अन्याय होता.

मग उपजीविका शाळांतून शिकवणे, व्याख्याने आणि तक्ते यांवर चालली. प्राणिसृष्टीचा त्यांचा तक्ता १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मांडला गेला. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी पेनसिल्व्हेनियातील रानफुलांची ५० जलरंगचित्रे काढली, तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. मीडिया या गावी राहून स्त्री-मताधिकार व दारूबंदीच्या चळवळीतही त्यांनी काम केले. तिथेच त्यांचे निधन झाले.