पर्शियनच्या डोळ्यांखालचे तपकिरी डाग

पर्शियन, हिमालयन किंवा एक्झॉटिक शॉर्टहेअर असं चपट्या तोंडाचं मांजर घरात आलं की थोड्याच दिवसांत प्रश्न सुरू होतात, डोळ्यातून सारखं पाणी का येतंय, नाकाच्या बाजूला ते तांबूस डाग कसले, आणि मग कोणी म्हणतं खाणं बदला, कोणी म्हणतं गुलाबजल लावा. खरं कारण बहुतेकवेळा चेहऱ्याच्या ठेवणीतच असतं.

डोळ्यात अश्रू सतत तयार होत असतात आणि आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून एका नळीत जाऊन नाकात उतरतात. लांब तोंडाच्या मांजरात ही नळी बऱ्यापैकी सरळ जाते. चपट्या तोंडात मात्र जबडा आखडतो, वरचा सुळा जागेवरून वर फिरतो आणि नळीला त्याच्या खालून वळसा घ्यावा लागतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये सीटी स्कॅन करून हे दाखवलं, चेहरा जितका चपटा तितकं वळण जास्त. मुडपलेल्या पाइपातून पाणी जाईल कसं? ते गालावर ओघळतं. त्यात काहींची खालची पापणी नाकाच्या बाजूला आत वळलेली असते, तिथले केस बुबुळाला घासतात आणि पाणी अजून वाढतं.

डागांचा रंग मुख्यतः अश्रूंमधल्या पोर्फिरिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. केस ओले राहिले, सुकले, परत ओले झाले की रंग गडद होत जातो. म्हणून फिक्या रंगाच्या मांजरात ते जास्त उठून दिसतात, काळ्यात असतात पण लक्षात येत नाहीत.

आता करायचं काय, तर रोज पुसायचं, एवढंच. उकळून कोमट केलेलं पाणी किंवा सलाइन घ्या, कापूस किंवा गॉज ओला करून पिळा, वाळून कडक झालेल्या चिपडांवर तो आधी काही सेकंद तसाच धरून ती मऊ होऊ द्या, ओरबाडू नका, मग आतल्या कोपऱ्यापासून बाहेर हलक्या हाताने पुसा आणि दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस. शेवटी नाकाजवळची घडी कोरडी करा, हे बरेच जण विसरतात आणि तिथेच ओल राहून कातडी लाल होते, वास यायला लागतो. पेरॉक्साइड, बोरिक, लिंबू, चहाचं पाणी, गुलाबजल यातलं काही डोळ्याजवळ नेऊ नका. डाग घालवणाऱ्या काही पावडरींत टायलोसिन हे अँटिबायोटिक असायचं, त्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने २०१४ मध्ये कंपन्यांना ताकीद दिली होती. नुसत्या डागासाठी मांजराला अँटिबायोटिक देणं मला अजिबात पटत नाही.

पण प्रत्येक पाणी साधं नसतं, हे मनापासून सांगतेय. पातळ, पाण्यासारखा किंवा तपकिरी स्राव रोजचा असेल तर ठीक. पिवळं-हिरवं घट्ट यायला लागलं, एकच डोळा अचानक बिघडला, मांजर डोळा मिटून बसतंय, पंजाने चोळतंय, शिंकतंय, तर त्याच दिवशी व्हेटकडे जा. डोळे-नाक बिघडवणारा हर्पिस व्हायरस मांजरात फार कॉमन आहे, शिवाय या चपट्या तोंडाच्या मांजरांचे डोळे इतके बाहेर आलेले असतात की काहींचे झोपेतही नीट मिटत नाहीत आणि बुबुळावर जखम व्हायला वेळ लागत नाही. व्हेट फ्लुओरेसिन डाय टाकतात, जखम असेल तर ती हिरवी चमकते, आणि तोच रंग नाकातून बाहेर आला तर नळी चालू आहे हेही कळतं. मेडिकलमधून आणलेले किंवा घरात उरलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स मात्र कधीच टाकू नका, जखम असताना ते पडले तर बुबुळाला भोकसुद्धा पडू शकतं. हर्पिससाठी लायसिन हे अमिनो आम्ल पूरक म्हणून देण्याचा सल्लाही खूप फिरतो, पण २०१५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा फायदा दिसला नव्हता.

पिल्लू अजून घेतलं नसेल तर त्याचा चेहरा बाजूने बघा. ब्रिटनच्या जीसीसीएफ या मांजर-नोंदणी संस्थेचा पर्शियनसाठी नियमच आहे, नाकाच्या टोकाची वरची कड खालच्या पापणीच्या वर जाता कामा नये. शक्य असेल तर त्याच्या आईबापाचे डोळेही बघून घ्या, आणि ते पुसून ठेवायच्या आधी बघा.